एकदा दाबलं तर हो

टक्.

सकाळच्या प्रवासी विमानाला वाऱ्याची दिशा सांगून मी बोटाखालचं बटण सोडलं आणि माझ्या हेडफोनमध्ये तो आवाज आला. नेहमीची खरखर एकदम थांबली, क्षणभर पोकळ शांतता पसरली, आणि पुन्हा टक् होऊन खरखर सुरू झाली. शब्द एकही नाही.

"कोण बोलतंय? पुन्हा बोला," मी म्हणालो.

पुन्हा तेच. टक्, शांतता, टक्.

शेजारी तांबोळी साहेब संत्रं सोलत बसले होते. ते आमच्या टॉवरचे प्रमुख, मूळचे मिरजेचे, निवृत्तीला आलेले. मी तेव्हा अठ्ठावीसचा होतो. विदर्भाच्या पूर्व टोकाला असलेल्या त्या लहानशा विमानतळावर बदली होऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. दिवसाला येऊन-जाऊन दोन प्रवासी विमानं, आणि बाकी वेळ फ्लाइंग क्लबच्या शिकाऊ मुलांची घिरट्या घालणारी छोटी विमानं. एवढाच आमचा पसारा. रडार नव्हतं.

"कुणाचं तरी बटण अडकलंय," मी म्हणालो.

तांबोळी साहेब माझ्या पुढ्यातल्या गोल काचेकडे बघत होते. रडार नसलं तरी दिशा सांगणारं एक जुनं यंत्र आमच्याकडे होतं. वैमानिकानं बोलायला बटण दाबलं, की त्या काचेवर एक हिरवी रेघ उमटायची आणि तो ज्या बाजूला असेल त्या बाजूला वळून थरथरत उभी राहायची. बटण सोडलं की विझायची. किती लांब आहे ते कळायचं नाही, फक्त दिशा.

टक्. रेघ उमटली, आग्नेयेला वळली. विझली. पुन्हा उमटली, पुन्हा तिथेच.

"अडकलं असतं तर रेघ विझली नसती," तांबोळी साहेब म्हणाले. संत्रं त्यांनी तसंच खिडकीत ठेवलं. "हा माणूस दाबतोय आणि सोडतोय, बोधनकर. तो आपल्याला हाक मारतोय."

खिडकीबाहेर मार्चमधलं पांढुरकं आभाळ होतं. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून त्या दिवसांत रानात पाचोळा जाळतात, त्याचा धूर क्षितिजावर बसून होता. त्या धुरापलीकडे कुठेतरी एक माणूस होता आणि त्याच्याजवळ आवाज नव्हता.

"ज्याचा आवाज पोचत नाहीये त्यानं ऐका," मी म्हणालो. "मी बोलतोय ते ऐकू येत असेल तर बटण एकदा दाबा."

टक्.

एकदाच. मग पुन्हा खरखर.

"छान. आता एकदा दाबलं तर हो, दोनदा दाबलं तर नाही. समजलं?"

टक्.

"इंजिन ठीक आहे?"

टक्.

"इंधन पुरेसं आहे?"

टक्.

"फ्लाइंग क्लबचं विमान?"

टक्.

तांबोळी साहेब तोवर क्लबला फोन लावत होते. तिकडचं बोलणं ऐकून त्यांनी फोन ठेवला. "त्यांचं एकच विमान बाहेर आहे. खानझोडे. एकटीच गेलीय, लांबच्या फेरीवर. आता परत यायच्या वेळेला आलीय."

कुंदा खानझोडेला मी ओळखत होतो, म्हणजे तिचा आवाज ओळखत होतो. चेहरा कधी पाहिला नव्हता. टॉवरमध्ये काम करणाऱ्याचं तसंच असतं, माणसं कानानं ओळखीची होतात. भंडाऱ्याकडची मुलगी. रेडिओवर मोजकंच बोलायचं असतं, पण ही उतरायची परवानगी मागताना खाली संत्र्याच्या बागा कशा दिसताहेत तेही सांगायची. तांबोळी साहेब तिला दर आठवड्याला रागवायचे, आणि ती "हो सर" म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच करायची. आम्ही ऐकलेल्या वैमानिकांत सर्वांत बडबडी तीच होती.

"तू खानझोडे आहेस का?" मी विचारलं.

टक्.

"माईक बिघडलाय?"

टक्.

हे ऐकून मला खरं तर बरंच वाटलं. माईक बिघडला म्हणून विमान पडत नाही. विमानतळ दिसला की टॉवरवरून हिरवा दिवा दाखवायचा, वैमानिकानं उतरायचं. शिकाऊ मुलांनाही हे पाठ असतं.

"धावपट्टी दिसतेय?"

टक् टक्. नाही.

"सिमेंट कारखान्याची चिमणी दिसतेय?"

टक् टक्.

"खालचं काही ओळखू येतंय? रस्ता, तळं?"

या वेळी काही क्षण खरखरच ऐकू आली. मग टक्, टक्, टक्. तीनदा.

मी तांबोळी साहेबांकडे पाहिलं. "तीन म्हणजे काय?"

"तीन म्हणजे तुझा प्रश्न चुकलाय," ते म्हणाले. "हो पण नाही, नाही पण नाही. दुसऱ्या तऱ्हेनं विचार."

"थोडं थोडं दिसतंय?"

टक्. लगेच.

"धूरच आहे तो," मी साहेबांना म्हणालो. "खालच्या अंगाला दाटलाय."

तेवढ्यात हेडफोनमध्ये प्रवासी विमानाच्या कॅप्टन सिक्वेरांचा आवाज आला. ते गोव्याचे, शांत बोलणारे. त्यांनी हे सगळं ऐकलं होतं. ते म्हणाले, मी उतरत नाही, वर घिरट्या घालतो, आकाश तिला मोकळं ठेवा. मी आभार मानले आणि विचारलं, तुम्हाला धूर कितपत वाटतोय?

"कसला धूर?" सिक्वेरा म्हणाले. "क्षितिजावर आहे थोडा. पण मला तुमची धावपट्टी केव्हापासून स्वच्छ दिसतेय."

तांबोळी साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे.

"तिला विचार," ते हळू म्हणाले, "ती स्वतः ठीक आहे का."

मी विचारलं.

उत्तर यायला वेळ लागला. इतका, की मी प्रश्न पुन्हा विचारणार होतो. मग आलं. टक्. एकदाच, स्पष्ट.

"ठीक आहे म्हणतेय," मी म्हणालो.

साहेबांनी फोन उचलून अग्निशमनाची गाडी आणि रुग्णवाहिका धावपट्टीलगत बोलावली. मग खिडकीतली दुर्बीण गळ्यात अडकवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आता कारण शोधत बसू नकोस. ती दिसू दे न दिसू दे, ती रेघ आपल्याला दिसतेय. तिच्यावरून आण. आणि मराठीत बोल."

"साहेब, नियम..."

"नियम मी बघतो. पोर तिथे एकटी आहे. तिच्या घरात जसं बोलतात तसं बोल."

रेडिओवर इंग्रजीच बोलायचं हे आमच्या हाडात मुरलेलं होतं. मी तोंड उघडलं आणि पहिला शब्द सुचेना. मग म्हणालो, "कुंदा, मी टॉवरमधून बोधनकर बोलतोय. आता आपण दोघं मिळून तुला खाली आणायचं आहे. कंपास वाचता येतोय?"

टक् टक्.

माईक गेला, कंपास गेला. विजेचा काही बिघाड असेल, असं मनाशी म्हणालो. "काही हरकत नाही. कंपास नको आपल्याला. मी 'वळ' म्हटलं की हळूच वळायला लाग, 'पुरे' म्हटलं की सरळ हो. मधून मधून मी 'दाब' म्हणेन, तेव्हा बटण जरा वेळ दाबून धर. चालेल?"

टक्.

"उजवीकडे वळ."

वारा पश्चिमेचा होता, म्हणून तिला पूर्वेच्या टोकाकडून उतरवायचं होतं. ती होती आग्नेयेला. आधी तिला उत्तरेकडे न्यायची, म्हणजे रेघ सरकत सरकत नेमकी पूर्वेला येईल, आणि मग डावीकडे वळवून सरळ धावपट्टीवर. कागदावर हे सोपं आहे. पण ती किती लांब आहे, किती वळली आहे, मला काहीच दिसत नव्हतं. मी अंदाजानं मनात वेळ मोजत होतो आणि काचेकडे बघत होतो.

"पुरे. आता दाब."

रेघ उमटली. आधीच्या जागेपासून जराशी वर.

"दाब."

आणखी जराशी.

ती रेघ मी रोज बघत होतो. त्या दिवशी पहिल्यांदाच ती मला जिवंत वाटली. आभाळात कुठेतरी एका मुलीचा अंगठा बटणावर टेकत होता आणि इथे माझ्या पुढ्यात ती हिरवी थरथर उठत होती. अंगठा ढळत नव्हता. मी 'दाब' म्हटलं आणि रेघ आली नाही, असं एकदाही झालं नाही.

आणि त्या वेळात दुसरं कुणीही बोललं नाही. आमच्या डोक्यावरून फार उंचावरून एक मालवाहू विमान जात होतं. त्यानं सुरुवातीला हवा विचारली होती, तेही गप्प झालं. सिक्वेरा गप्प होते. एवढं मोठं आभाळ, त्यात माणसं होती, आणि सगळी एका मुलीसाठी मुकी झाली होती. मी बोलायचा थांबलो की ती शांतता कानात भरायची. देवळाच्या गाभाऱ्यात गेल्यावर कशी आपोआप मान खाली जाते, तसं काहीतरी मला त्या लाकडी खुर्चीत बसल्या बसल्या होत होतं.

"थांबू नकोस," साहेब म्हणाले. "मधे जागा सोडू नकोस. बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही."

मी बोलत राहिलो. आज सकाळी डबा उशिरा आला ते सांगितलं. तांबोळी साहेबांनी संत्रं अर्धं सोलून ठेवलंय आणि ते तुला देणार आहेत, असं सांगितलं. तुझ्या बागांच्या गप्पांमुळे साहेब वरवर रागावतात, पण तू एखाद्या आठवड्यात आली नाहीस की चौकशी करतात, हेही सांगून टाकलं. साहेबांनी मान फिरवली.

"दाब."

रेघ पूर्वेला आली. नेमकी पूर्वेला.

"कुंदा, आता डावीकडे वळ. मोठं वळण आहे, सावकाश घे. वळ... वळ... आणखी थोडं... पुरे. आता तू आमच्याकडे तोंड करून आहेस. तुझ्या खाली तळं यायला हवं. पाणी चमकतं ना, तेवढं कळेल. कळलं की दाब."

खरखर. खरखर. मला वाटलं चुकलं. मग टक्.

"आता हळूहळू खाली ये."

"दिसली!" तांबोळी साहेब गच्चीच्या दारातून ओरडले. ते दुर्बीण घेऊन बाहेर गेले होते. मलाही दिसली. तळ्यावर एक ठिपका, एका पंखावर किंचित कललेला. "जरा डावीकडे सरकलीय. उंची बरी आहे."

"कुंदा, तू आम्हाला दिसतेस. अगदी छान येते आहेस. थोडी उजवीकडे घे. एवढीच. पुरे. धावपट्टी आता तुझ्या नाकासमोर आहे. दिसली तर दाब, नाही दिसली तरी चालेल, मी आहे."

उत्तर आलं नाही. तिचे दोन्ही हात आता कामात असणार. मी थांबलो नाही. "थोडी उजवीकडे. पुरे. इंजिन थोडं कमी कर. ये, अशीच ये."

ठिपक्याला पंख फुटले, मग चाकं दिसली. तांबोळी साहेब दारात आले. दुर्बीण डोळ्यालाच होती. मग आत येऊन त्यांनी माझ्या कानाशी वाकून, माईकमध्ये जाणार नाही इतक्या हळू सांगितलं.

"बोधनकर, तिच्यासमोरची काच नाहीये."

मी ऐकलं. पुढचं वाक्य माझ्या तोंडात होतं, ते मी बोललो. काय झालं असेल ते मला एका क्षणात सगळं कळलं आणि कळायला सवड नव्हती. "अशीच. अशीच ये. जमीन आलीय आता. इंजिन बंद कर. नाक हळूहळू वर घे. हळू. हळू. धर तसंच..."

विमान टेकलं, उडालं, पुन्हा टेकलं. धावपट्टी सोडून गवतात शिरलं, अर्धगोल फिरलं आणि थांबलं. पंखा आणखी दोन-चार फेरे फिरला आणि उभा राहिला.

गाड्या सुटल्याच होत्या. पण त्या पोचायच्या आत विमानाचं दार उघडलं आणि ती स्वतः खाली उतरली. पंखाखालची दांडी धरून उभी राहिली. पांढरा शर्ट छातीपर्यंत लाल झाला होता. मग गुडघ्यांतून खाली बसली.

हेडफोनमध्ये सिक्वेरांचा आवाज आला. वर्षभरात त्यांच्याकडून मी इंग्रजीशिवाय अक्षर ऐकलं नव्हतं.

"पोरगी उतरली ना?"

"उतरली," मी म्हणालो.

"देवा," ते म्हणाले, आणि मग नेहमीच्या इंग्रजीत, "आम्हाला काही घाई नाही. तिला नीट नेऊ द्या."

गिधाड होतं. त्या काळी आमच्या भागात गिधाडं खूप, उन्हं चढली की वर घिरट्या घालायची. ते समोरची काच फोडून आत आलं होतं. तिचा जबडा मोडला होता. तोंडापुढचा माईक त्या तडाख्यात तुटून कुठेतरी उडाला होता, कानांवरचं तेवढं राहिलं होतं. डावा डोळा गेला होता. उजव्यात रक्त आणि काचेचा चुरा होता, आणि समोरून सगळा वारा तोंडावर. इंजिन ठीक होतं. कंपासही ठीक होता. विजेचा बिघाड कुठलाच नव्हता. मी धुरातून वाट दाखवतोय असं समजत होतो तेव्हा तिला फक्त वर उजेड आणि खाली अंधार एवढंच कळत होतं, आणि त्या दोघांमधली कड धरून ती उडत होती.

दवाखान्यात मी दोनदा गेलो, पण तिच्या तोंडाला तारा आणि चेहराभर पट्ट्या बांधलेल्या होत्या आणि बाहेर तिचे वडील हात जोडून उभे राहायचे. मला तिथे थांबवेना.

ती टॉवरवर आली ती दिवाळीच्या जरा आधी. जिन्यावर पावलं वाजली, दारात एक उंच, सावळी मुलगी उभी. डाव्या डोळ्यावर काळी पट्टी, ओठापासून कानापर्यंत व्रण. चेहरा मला अनोळखी होता. तिनं तोंड उघडलं आणि मी खुर्चीतून उठलो.

"नमस्कार सर. साहेब, माझं संत्रं कुठाय?"

आवाज तोच होता, थोडा दाटलेला. तांबोळी साहेबांनी तिला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभे राहिले.

विमान आता तिला कधीच चालवता येणार नव्हतं. ते तिनंच सांगितलं, रडली नाही. क्लबातच जमिनीवरच्या वर्गांना शिकवणार होती. "हवामान शिकवणार. आणि पक्षी," ती म्हणाली, आणि हसली तेव्हा व्रण एका बाजूला ओढला गेला.

खूप वेळ ती काचेतल्या रेघेकडे बघत होती. क्लबचं एक विमान बोलत होतं, रेघ उमटत होती, विझत होती. ती तिनं याआधी पाहिली नव्हती.

"ही मी होते?" तिनं विचारलं.

"हो."

मी धीर केला. गेले कितीतरी महिने माझ्या मनात एकच गोष्ट अडकून होती.

"कुंदा, मी तुला विचारलं होतं, तू ठीक आहेस का. तू 'हो' म्हणालीस."

"म्हटलं मी."

"का? नाही म्हणाली असतीस तर आम्ही..."

"तर तुम्ही काय केलं असतं सर?" ती शांतपणे म्हणाली. "वर येऊन मला घेऊन थोडीच जाणार होते? मला दिसत नव्हतं. बोलता येत नव्हतं. एवढंच होतं माझ्याजवळ, तुमचा आवाज. तुम्ही कसे छान बोलून राहिले होते, काही झालंच नाही असे. मी 'नाही' म्हटलं असतं, तर तुमचा आवाज घाबरला असता. मग मी कशाला धरून खाली आले असते?"

तांबोळी साहेब खिडकीबाहेर बघत होते.

"म्हणून मी आधी विचार केला," ती म्हणाली. "दाबू एकदा की दोनदा. मग एकदा दाबलं."

त्या उशिराचा अर्थ मला तेव्हा कळला. रक्तानं भरलेला चेहरा घेऊन ती मुलगी त्या वाऱ्यात विचार करत बसली होती, की खाली खुर्चीत बसलेल्या माणसाला किती सांगायचं.

"पण शेवटी तुमचा आवाज बदलला," ती म्हणाली. "'नाक हळूहळू वर घे' म्हणाले ना, तेव्हा. मी समजले, यांना दिसलं."

मी विचारलं, "मग?"

"मग काय सर," कुंदा म्हणाली. "तोवर गवताचा वास येऊन राहिला होता."